दिवा पुढे गेला, मनोरा मागे राहिला

आज आपण जाऊ फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राकाठी. तिथे ल ग्रो-दु-र्वा नावाचं गाव आहे. मूळचं कोळ्यांचं, आता उन्हाळ्यात पोहायला आणि वाळूत पडायला येणाऱ्यांनी गजबजतं. गावातच, कालव्याच्या तोंडाशी, १८२९ च्या सुमाराचा दीपस्तंभ आहे. त्याचं काम १८६९ साली थांबलं, कारण गावाबाहेर एस्पिगेतच्या वाळूत नवा, उंच दीपस्तंभ उभा राहिला. तो बांधला तेव्हा समुद्र दीडशे मीटरवर होता. आता सुमारे ७०० मीटरवर आहे. ऱ्होन नदीचा गाळ आणि वाळू लाटांनी तिथे आणून टाकली. दीपस्तंभ हलला नाही, किनाराच पुढे सरकला.

पण आम्हाला सांगायचंय ते या दोघांच्याही थोरल्या बहिणीबद्दल. आत सहा किलोमीटरवर एग-मॉर्त हे तटबंदीचं जुनं शहर आहे. तेराव्या शतकात राजा नववा लुई याने तिथे कॉन्स्तांस नावाचा गोल मनोरा बांधला. भिंती सहा मीटर जाडीच्या. माथ्यावर लोखंडी पिंजरा, त्यात जहाजांसाठी जाळ पेटवत. पुढे खाड्या गाळाने भरल्या, बंदर बसलं, आणि मनोऱ्याचा तुरुंग झाला.

राजाने १६८५ साली प्रॉटेस्टंट पंथावर बंदी घातली. तो पंथ न सोडणाऱ्या बायकांना या मनोऱ्यात डांबलं. मारी द्युराँ १७३० साली आत आली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. भाऊ धर्मोपदेशक, हा तिचा मोठा गुन्हा. त्याला दोन वर्षांनी फाशी दिलं. "माझा पंथ सोडला" एवढं म्हटलं असतं तर तिची सुटका झाली असती. ती म्हणाली नाही. आतल्या बऱ्याच जणींना लिहिता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या वतीने तीच पत्रं लिहायची: मदत मागणारी, मिळालेल्याची पोच देणारी, आणि भाचीची चौकशी करणारी. बचत गटाची वही सांभाळणारीला हे काम किती मोठं ते सांगायला नको.

ती १७६८ साली सुटली, ३८ वर्षांनी. आपल्या गावी परतली आणि १७७६ साली वारली.

मनोऱ्याच्या वरच्या दालनात दगडावर एकच शब्द कोरलेला आहे. अर्थ: तग धरा, नमू नका. तो मारीनेच कोरला असं लोक मानतात. त्यातलं शुद्धलेखन मात्र चुकलेलं आहे.