प्राध्यापकांचा हिवाळी पेहराव : बुलढाण्याची सकाळ आणि दुपार

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग लोकव्यवहारात केले जातात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे तालुके. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हे पूर्णेच्या खोऱ्यातले. उन्हाळ्यात विदर्भ होरपळत असताना बुलढाणा शहर त्यातल्या त्यात थंड हवेचे म्हणून ओळखले जाते, आणि हिवाळ्यात तेथील पहाट खऱ्या अर्थाने बोचरी असते. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. मात्र त्याच दिवशी दुपारी तो २७-२८ अंशांवर जातो. बुलढाण्यात राहून मलकापूरच्या महाविद्यालयात शिकविणारा प्राध्यापक सकाळी एसटीने राजूर घाट उतरतो तेव्हा त्याला कोट हवा असतो. चौथ्या तासाला तोच कोट खुर्चीच्या पाठीवर लटकलेला असतो. या जिल्ह्यातील हिवाळी पेहरावाचा सगळा विचार या एका गोष्टीपासून सुरू करावा लागतो.

‘प्राध्यापकी’ म्हणून जगभर जो पुरुषी पोशाख अभिजात मानला गेला, तो मुळात थंड आणि ओलसर देशातला आहे. कोपरावर चामड्याचे ठिगळ लावलेला ट्वीडचा कोट, फ्लॅनेलची करडी पॅन्ट, लोकरी टाय आणि जाड तळाचे बूट ही इंग्लंड-स्कॉटलंडच्या हवेची निर्मिती. ट्वीडचे कापड जाड, खरखरीत आणि वजनदार असते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर घरोघरी हातमागावर विणल्या जाणाऱ्या हॅरिस ट्वीडला १९९३ मध्ये स्वतंत्र कायद्याचे संरक्षण मिळाले, इतके तेथे त्याचे महत्त्व. परंतु तो कोट चढवून खामगावच्या दुपारी वर्गात उभे राहणे म्हणजे घामाला आमंत्रण.

महाराष्ट्रातील पहिल्या पिढीच्या प्राध्यापकांनी हा पोशाख जसाच्या तसा उचलला नव्हता. १८८५ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकविणारे गोपाळ कृष्ण गोखले यांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात : पगडी, उपरणे आणि चष्मा. पुढे पगडीच्या जागी काळी टोपी आली. धोतर, बंद गळ्याचा लांब कोट आणि टोपी हा सुशिक्षितांचा वेश वऱ्हाडातही रुळला. हा कोट बहुधा सुती असे आणि वर्षभर चाले. थंडीत फक्त आत एक बंडी आणि गळ्याभोवती मफलर यांची भर पडे.

टाय-कोटाला निराळा अर्थ मिळवून दिला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. नीटनेटका सूट ही त्यांची कायमची ओळख ठरली. महात्मा गांधींनी १९२१ मध्ये मदुराई येथे पंचा स्वीकारला, ही घटना जवळपास त्याच काळातली. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अंगभर आणि धड वस्त्र नाकारले गेले, त्यांच्या दृष्टीने इस्त्रीचा कोट ही साहेबी नक्कल नव्हती, तो प्रतिष्ठेचा उच्चार होता. विदर्भ-मराठवाड्यातील महाविद्यालयांत खेड्यापाड्यांतून, पहिल्यांदाच शिकलेल्या घरांतून आलेले प्राध्यापक रुजू होऊ लागले, तेव्हा त्यांच्या अंगावरील कोटाकडे या अर्थानेही पाहावे लागते. ‘एवढ्या उन्हात कोट कशाला’ हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

कापडाच्या बाबतीत या भागावर दीर्घकाळ राज्य केले ते टेरीवूलने. १९२५ मध्ये ठाण्यात सुरू झालेली आणि २००९ मध्ये बंद पडलेली रेमंडची गिरणी हे या कापडाचे घराघरांत पोहोचलेले नाव. निम्म्याहून थोडे अधिक पॉलिएस्टर आणि उरलेली लोकर असे त्याचे रूढ मिश्रण असे. एसटीच्या बाकावर तासभर बसूनही घडी मोडत नाही, हा त्याचा मोठा गुण. दुपारी अंगाला हवा लागू देत नाही, हा दोष. शुद्ध लोकरीचे मध्यम वजनाचे कापड, म्हणजे चौरस मीटरला साधारण २५० ग्रॅमचे, या हवेला अधिक मानवते. लोकरीचा तंतू कुरळा असल्याने त्यात हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. शिवाय अंगाची वाफ तो स्वतःत शोषून घेतो, त्यामुळे उकडले तरी चिकचिक होत नाही. असा कोट शिवताना संपूर्ण अस्तर न लावता पाठीच्या वरच्या भागापुरते आणि बाह्यांना लावावे. त्याने कोट हलका होतो.

रंगाचा निर्णय बऱ्याच अंशी खडूने केलेला आहे. काळ्या किंवा गडद निळ्या कोटाची उजवी बाही दुसऱ्या तासापर्यंत पांढरी होते. राखाडी, मातकट तपकिरी किंवा बारीक चौकडीचा कोट खडूची धूळ पोटात घालतो आणि काळ्या मातीच्या प्रदेशातील रस्त्यांचीही. बुटांचेही तेच, काळ्या चकचकीत बुटांपेक्षा तपकिरी चामड्याचे नाडीचे बूट घाटाखालच्या धुळीत अधिक काळ सभ्य दिसतात. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना हा विचार करावाच लागत नाही. आम्लाच्या थेंबाला कोटाची किंमत कळत नसल्याने ते स्वेटरवर पांढरा अ‍ॅप्रन चढवून मोकळे होतात.

जिल्ह्यातील बहुतेक पुरुषांच्या कपाटात एक सूट असतोच, तो लग्नातला. तोच कोट महाविद्यालयात वापरण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु लग्नाच्या कापडाची चमक दिवसाच्या उजेडात उघडी पडते आणि निराळ्या पॅन्टवर तर तो उसना आणल्यासारखा दिसतो. कामाचा कोट वेगळाच शिवावा आणि तोही वेळेवर. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते; मग टेलर मापे घेतो, पण ट्रायलची तारीख देत नाही. कोजागरीच्या सुमारास कापड टाकणारा शहाणा.

तरीही या जिल्ह्यातील प्राध्यापकाचे खरे हिवाळी वस्त्र कोणते, असे विचारल्यास उत्तर कोट हे नाही. बिनबाह्यांचा, इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या गळ्याचा स्वेटर हे आहे. तो छाती-पाठ उबदार ठेवतो, फळ्यावर लिहिताना हात मोकळा सोडतो, शर्टाची कॉलर आणि असल्यास टाय दिसू देतो, आणि दुपारी काढून पिशवीत घालता येतो. एका पिढीपूर्वी हे स्वेटर घरीच विणले जात. लोकरीचे गुंडे आणि दोन सुया घेऊन उलट-सुलट टाके घालणाऱ्या शिक्षिका बसमध्येही दिसत. आता ती जागा लुधियानाच्या होजिअरीने आणि हिवाळ्यात थाटल्या जाणाऱ्या स्वेटरच्या दुकानांनी घेतली आहे. तेथे ‘लोकरीचा’ म्हणून मिळणारा स्वेटर पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचा असतो. शिवणीतला एक धागा जाळून पाहावा : लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची कडक गाठ होते.

येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. धनगर समाजाने राखलेल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचे घोंगडे, चिंचोक्याची खळ देऊन मागावर विणलेले, हे महाराष्ट्राचे स्वतःचे ट्वीडच होय. जाड, राकट आणि पिढीभर टिकणारे. परंतु ते शेताच्या राखणीला आणि वारीच्या वाटेला गेले. महाविद्यालयाच्या पायरीवर कधी चढले नाही.

सुटीच्या दिवशीचा पेहराव सैल असतो. पहाटेच्या फेरीला पूर्ण बाह्यांचा स्वेटर, मफलर आणि माकडटोपी, जिची कितीही थट्टा झाली तरी घाटावरच्या वाऱ्यापुढे तिला पर्याय नाही. हुरड्याच्या निमंत्रणाला किंवा लोणारच्या सरोवराकाठी फिरायला जाड खादीचा झब्बा आणि त्यावर जाकीट पुरते. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला जाणाऱ्यांनाही हेच सोयीचे पडते. शाल मात्र निवडून घ्यावी. सत्कारांत मिळालेल्या शालींची चळत प्रत्येक ज्येष्ठ प्राध्यापकाच्या घरी असते आणि त्यांतल्या फारच थोड्या थंडी अडवतात.

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४ मध्ये शाळांतील शिक्षकांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या. पुरुषांनी शर्ट-पॅन्ट घालावी, शर्ट खोचलेला असावा, जीन्स-टीशर्ट टाळावेत, असे त्यांत होते. त्या शाळांपुरत्या होत्या. महाविद्यालयांत पेहराव ठरतो तो अलिखित संकेताने आणि खरे तर पगाराने. प्राध्यापक कक्षात एकाच टेबलाभोवती वेतनश्रेणीतला कायम प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक बसतात. दोघांचे शिकविणे तेच, पण दुसऱ्याला मानधन घेतलेल्या तासांचेच आणि सुट्यांचे काहीच नाही. त्याचा एकमेव कोट मुलाखतींसाठी राखून ठेवलेला असतो. अशाला कोट घेण्याचा सल्ला देणे क्रूर ठरेल. दोन चांगले सुती शर्ट, एक करडी पॅन्ट आणि एक अस्सल लोकरी अर्धा स्वेटर एवढ्यात त्याचा हिवाळा कोणाहीपेक्षा कमी सभ्य दिसत नाही.

होळीच्या सुमारास हे सारे आत जाते. कसर लागते ती मळलेल्या लोकरीला, म्हणून ठेवण्यापूर्वी स्वेटर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत, आडवे पसरून वाळवावेत. दोरीवर टांगल्यास ते लांबतात. कोट ब्रशने झाडून, खिसे उलटे करून खडूचे तुकडे काढावेत आणि रुंद खांद्याच्या हँगरवर, जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून ठेवावा. डांबरगोळ्या कपड्याला न चिकटतील अशा पुरचुंडीत बांधाव्यात.