चहा, बिस्किट आणि रुपये दर किलो

परवा हापिसात चारच्या चहाला वाद पेटला. चहाबरोबर सगळ्यात पैसा वसूल बिस्किट कोणतं? एक पार्टी मारीवाली, एक गुड डेवाली, आणि आमचा टीम लीड खारीवर ठाम. (खारी म्हणजे बिस्किट नव्हे, पण अप्रेझल जवळ आलंय, त्यामुळे कोणी बोललं नाही. :-)) मी सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. एका कॉलमात किंमत, दुसऱ्यात वजन, मग भागाकार. ग्लुकोज बिस्किट आरामात जिंकलं.

शनिवारी वेळ होता म्हणून जुने आकडे शोधत बसलो, आणि तिथे अडकलो.

बिस्किट ही मुळात साहेबाच्या चहाची गोष्ट. कलकत्त्यात १८९२ साली २९५ रुपयांच्या भांडवलावर ब्रिटानिया सुरू झाली. १९२९ मध्ये मोहनलाल चौहान यांनी विलेपार्ल्यात गोळ्या-पेपरमिंटचा कारखाना काढला आणि साधारण दहा वर्षांनी तिथे 'पारले ग्लुको' भाजायला लागलं. देशी माणसाच्या खिशाला परवडेल असं. (गावावरून कंपनीचं नाव पडलं बरं का, उलट नव्हे.) नावातल्या ग्लुकोची नक्कल कोणीही करू लागलं, म्हणून १९८० च्या दशकात ते पारले-जी झालं. लहानपणी लोकलमधून जाताना पार्लं आलंय हे डोळे मिटूनही कळायचं, असा वास यायचा. २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला.

आता आकडे. १९९४ च्या सुमारास १०० ग्रॅमचा पुडा चार रुपयांना मिळायचा, म्हणजे ४० रुपये किलो. मधे एकदा पन्नास पैसे वाढवले तर खप असा घसरला की वाढ मागे घ्यावी लागली. धडा मिळाला: किंमतीला हात लावायचा नाही. मग काय, वजन हळूहळू उतरत गेलं. २०२१ च्या सुमारास पाच रुपयांत ५५ ग्रॅम, म्हणजे साधारण ९१ रुपये किलो. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच ठेवला, आतलं इम्प्लिमेंटेशन बदललं. आणि हे एकट्या पारलेने केलं असं नाही. पाच रुपयांचा पुडा विकणाऱ्या सगळ्यांचंच हे गणित.

खरं सांगायचं तर २७ वर्षांत सव्वादोन पट ही वाढ काहीच नाही. दूध-डाळ कुठे पोचली बघा.

गंमत म्हणजे सरकारही माझ्यासारखाच भागाकार करायचं! १०० रुपये किलोच्या आतल्या बिस्किटांना केंद्रीय उत्पादन शुल्क माफ होतं. गरिबाचं बिस्किट कोणतं, हे ठरवायची ती रेघ. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ही रेघच पुसली गेली. ग्लुकोज असो की काजूवालं, सरसकट १८ टक्के. पुडा पाचचाच ठेवायचा तर कर कुठून भरणार? बिस्किटं कमी करून. २०१९ मध्ये मागणी इतकी मंदावली की दहा हजारांपर्यंत नोकऱ्या जाऊ शकतात असं पारलेने जाहीर सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी लॉकडाऊन लागला, माणसं गावाकडे चालत निघाली, आणि त्यांच्या पिशव्यांत हाच पुडा होता. त्या महिन्यांत पारले-जीचा विक्रमी खप झाला. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्क्यांवर आला.

असो. काल रात्री उशिरा घरी आलो तेव्हा आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका, बीडकडचे, चहात बिस्किटं बुडवत बसले होते. मी उगाच शहाणपणा करत एक्सेलचा निकाल सांगितला. काका, ग्रॅममागे हेच सगळ्यात स्वस्त बरं का!

ते हसले. "ग्रॅमचं आपल्याला काय कळतं साहेब. आधी रातपाळीला एका पुड्यात भागायचं. आता दोन लागतात."

आणि शेजारचा दुसरा पुडा फोडून त्यांनी माझ्यासमोर धरला. मी एकच घेतलं.