मोतीबिंदू काढणारे हात

मोतीबिंदू ‘पिकतो’ असं आपण म्हणतो. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या सत्तरीच्या बाईला ‘डोळा का दाखवला नाही’ असं विचारलं, तर आजही हमखास उत्तर येतं, ‘आजून पिकला न्हाई.’ आंबा, गळू आणि मोतीबिंदू यांना मराठीनं एकच क्रियापद दिलं आहे आणि तिन्हींच्या बाबतीत सल्लाही एकच, थांबा. हा सल्ला अडाणीपणातून आलेला नाही. एके काळी तो डॉक्टरांचाच होता. कच्चं भिंग डोळ्यातून नीट सुटत नसे, त्याचा चिकट गर मागे राहत असे. पिकून घट्ट झालेलं भिंग सलग बाहेर येई. आता शस्त्रक्रिया बदलली. उलट फार पिकलेलं भिंग दगडासारखं कडक होतं, कधी फुगतं, कधी पाझरतं आणि डोळ्यातला दाब वाढवून नजर कायमची घेऊन जातं. तंत्र गेलं, क्रियापद मागे राहिलं आणि त्या क्रियापदापायी माणसं अजून थांबतात.

वैद्यकाशी माझा संबंध वाचकाचाच. पण या क्रियापदामुळे मला एक प्रश्न पडला आणि तो काही वर्षं सुटला नाही. मोतीबिंदू काढणारा हात शिकला कसा? पुस्तकं, परिषदा, उपकरणं यांचा इतिहास सापडतो. हाताचा इतिहास शोधताना मात्र दर वेळी एकाच जागी येऊन थांबावं लागतं. आपण ज्याच्या डोळ्यात सुई घातली, तो माणूस त्या हाताला पुन्हा कधी दिसला?

सुरुवात सुश्रुतापासून करणं आपल्याकडे इतकं नेमाचं झालं आहे की ते टाळावंसं वाटतं, पण इथं टाळता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, सतराव्या अध्यायात, ही क्रिया सांगितली आहे. तीत भिंग बाहेर काढत नाहीत. शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालून ते बाहुलीसमोरून बाजूला सारतात. डाव्या डोळ्याला उजवा हात, उजव्या डोळ्याला डावा. वेध नीट झाला तर बारीक आवाज होतो आणि पाण्याचा थेंब येतो. मग स्त्रीच्या दुधाचं सिंचन, नंतर तूप लावून पट्टी. रुग्णानं धूळ-धूर नसलेल्या घरात उताणं निजायचं, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, ढेकरसुद्धा द्यायचा नाही. इथवरचं पुष्कळांना ठाऊक असतं. मला अधिक मोलाच्या वाटतात त्या दोन वेगळ्या गोष्टी. एक म्हणजे सूत्रस्थानात सरावासाठी दिलेला स्वतंत्र अध्याय. कापायचं ते भोपळ्या-काकडीवर शिकावं आणि वेध करायचा तो मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर, असं तिथं म्हटलं आहे. दुसरी म्हणजे वेध चुकला, शलाका खरखरीत किंवा जाड असली तर कोणते उपद्रव होतात, त्यांची यादी. ही यादी करणाऱ्यानं बिघडलेले डोळे पाहिले होते. म्हणजे तो रुग्णाजवळ थांबला होता.

पुढच्या शतकांत हे तंत्र गावोगाव फिरणाऱ्या लोकांच्या हाती राहिलं. बाजाराच्या दिवशी यायचं, झाडाखाली बसवून सुई घालायची, ‘बोटं किती?’ विचारायचं, पैसे-धान्य घ्यायचं आणि पुढचं गाव गाठायचं. पडदा बाजूला होताच माणसाला दिसू लागे, हे खोटं नव्हतं. डोळा सुजे, पू होई किंवा दाब चढे तो नंतर. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री इलियट यांनी अशा बिघडलेल्या डोळ्यांचा अभ्यास करून १९१७च्या सुमारास एक ग्रंथच लिहिला. इलियट या लोकांवर चिडलेले आहेत आणि त्यांची चीड वाचताना थोडं सावध राहावं लागतं, कारण ज्यांचा डोळा सुखरूप राहिला ते इलियटांच्या दवाखान्यात कशाला येतील? पण मूळ मुद्दा खराच आहे. त्या फिरत्या माणसाचा हात कुशल असेलही, वडिलांकडून मुलाकडे आलेला असेलही. तरी तो पिढ्यान्‌पिढ्या सुधारला नाही, कारण त्याला फक्त पहिली पाच मिनिटं दिसत. सहाव्या आठवड्यातला डोळा त्यानं कधी पाहिलाच नाही.

युरोपात झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदानं अठराव्या शतकाच्या मध्याला भिंग छेद घेऊन बाहेर काढलं. १८८४मध्ये कार्ल कोलरनं कोकेननं डोळा बधिर करता येतो हे दाखवलं आणि रुग्णाला चौघांनी धरून ठेवण्याची गरज संपली. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी जालंधरला हेन्री स्मिथ हे लष्करी डॉक्टर आवरणासकट अख्खं भिंग बाहेरून दाबून काढीत. त्यांच्या शस्त्रक्रियांची संख्या हजारोंनी मोजत. ते पाहायला अमेरिकेतून डॉक्टर येत, स्मिथ त्यांना रुग्ण देत आणि पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांवर हात बसवून ते घरी जात. या वर्णनांत शिकणाऱ्यांची नावं आढळतात. ज्यांच्या डोळ्यांवर ते शिकले, त्यांचं एकही नाव मला आढळलं नाही.

अख्खं भिंग काढण्याचीच रीत पुढं आपल्या शिबिरांची रीत झाली. शाळेच्या वर्गात खाटा, सतरंज्या, गावचं जेवण, आठवडाभर मुक्काम. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या विजापूर भागात जन्मलेले डॉ. एम. सी. मोदी हे या शिबिरांचे दैवतच. १९६८मध्ये एका दिवसात ८३३ शस्त्रक्रिया केल्याची त्यांच्या नावावर गिनीज बुकात नोंद आहे. या वेगाला हसणं सोपं आहे. पण तालुक्याच्या गावी नेत्रतज्ज्ञच नव्हता त्या काळात, हा वेग नसता तर ती माणसं आंधळीच मेली असती. १९७६मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचंही सुरुवातीचं मुख्य हत्यार शिबिर हेच होतं.

त्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात भिंगच उरत नसे, म्हणून जाड काचेचा चष्मा. माझ्या पिढीनं तो आज्यांच्या नाकावर पाहिला आहे. काच इतकी फुगीर की तिच्यामागचा डोळा लिंबाएवढा दिसायचा. त्या चष्म्यातून जग पाव हिश्शानं मोठं आणि म्हणून जवळ आलेलं दिसतं, कडेचा भाग गायब होतो. तांब्यातलं पाणी पेल्याच्या अलीकडेच सांडायचं, उंबरा पायाला लागायचा. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांतली चित्रं जुळतच नसत. आणि चष्मा फुटला की म्हातारी पुन्हा आंधळी. कागदावर मात्र ती ‘यशस्वी’ राही. शिबिराचा हिशोब शस्त्रक्रियांच्या आकड्यात होई, नजरेच्या नाही. १९८६मध्ये उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथं एका शिबिरात मोतीबिंदू काढलेल्या ८८ जणांपैकी ८४ जणांचे डोळे जंतुसंसर्गानं गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. पुढं तंबूत आणि शाळेत शस्त्रक्रिया करणं बंद होत गेलं. शिबिरात फक्त तपासायचं आणि रुग्णाला रुग्णालयात आणायचं, असं ठरलं.

बीड जिल्ह्याच्या दृष्टीनं हे ‘रुग्णालयात आणणं’ शक्य झालं ते अंबाजोगाईमुळे. निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणून छावणीचं गाव असलेल्या अंबाजोगाईत सत्तरच्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. स्वामीजी तिथल्या शाळेत मुख्याध्यापक होते, त्यामुळे हे नाव गावाला उपरं नव्हतं. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे नुसत्या जास्तीच्या खाटा नव्हेत. तिथं हात शिकतात. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने औरंगाबादला शिकून ऐंशीच्या दशकात याच महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जाण्यापूर्वीची उमेदीची वर्षं त्यांनी इथं काढली. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेशी त्यांचं नाव पुढं जोडलं गेलं, १९९५मध्ये आईनं दिलेल्या मूत्रपिंडावर ते पुन्हा उभे राहिले, २००८मध्ये पद्मश्री मिळाली. या कहाणीवर चित्रपटही झाला. आपण अशा कहाण्या माणसाच्या जिद्दीच्या म्हणून वाचतो आणि त्या तशा आहेतही. मला मात्र अंबाजोगाईची ती वर्षं वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटतात. जुन्या तंत्रात तयार झालेल्या त्या पिढीला पुढच्या दहा वर्षांत आपला बसलेला हात मोडून नवा बसवायचा होता.

कारण दरम्यान भिंग आलं होतं. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९मध्ये पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे प्लॅस्टिकचे तुकडे घुसूनही डोळा बिथरत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे तेही थांबून पाहणंच. हे भिंग आपल्याकडच्या गरिबाला परवडेना, ते १९९२मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या परिवारात ऑरोलॅब निघेपर्यंत. शंभर डॉलरच्या आसपासची वस्तू दहा डॉलरच्या घरात आली. १९९४पासून जागतिक बँकेच्या साहाय्यानं सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. पण भिंग बसवायचं तर त्याला आधाराला मूळ भिंगाचं मागचं नाजूक आवरण शाबूत ठेवावं लागतं. हजारो डोळे उघड्या नजरेनं केलेल्या शल्यविशारदाला आता सूक्ष्मदर्शकाखाली बसून, पायानं फोकस सांभाळत, जे आवरण आजवर भिंगासकट ओढून काढलं तेच जपायला शिकायचं होतं. नवशिक्याला शिकवणं याहून सोपं.

पहिल्या पद्धतीत दहा-बारा मिलिमीटरचा छेद आणि टाके होते. टाके कमी-जास्त ताणले की बुबुळाचा गोल बिघडे आणि नजर तिरपी होई. त्यावर भारत, नेपाळ, इस्राएल अशा ठिकाणी घडत गेलेला उपाय म्हणजे लहान छेदाची, हातानं करायची शस्त्रक्रिया. यात सगळं कसब बोगद्यात आहे. पांढऱ्या भागावर सहा-सात मिलिमीटरचा छेद, तिथून पापुद्र्याच्या आत आडवा सरकत बुबुळात उतरायचं. बोगदा आतून रुंद, बाहेरून अरुंद. उथळ गेला तर वरचा पापुद्रा फाटतो, खोल गेला तर सुई भलत्याच ठिकाणी आत शिरते. नीट जमला तर डोळ्यातल्या दाबानंच तो मिटतो, टाका लागत नाही. आवरणाला छेद देण्याचं हत्यार म्हणजे इंजेक्शनची साधी सुई, जी शल्यविशारद स्वतः टोकाला वाकवून घेतो. कोट्यवधी शस्त्रक्रिया या वाकवलेल्या सुईवर झाल्या असतील. हल्ली निवासी डॉक्टर आधी खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यावर बोगदा करून पाहतात. मग माणसाच्या डोळ्यावर एकेक टप्पा, शेजारच्या नळीतून वरिष्ठ पाहत असताना. सुश्रुताच्या कमळाच्या देठापासून हे फार दूर नाही.

बिनटाक्याची पद्धत खरंच चांगली की नुसती स्वस्त, याचा निवाडा पुण्यात झाला, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ७४१ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, निम्म्यांना टाक्यांची, निम्म्यांना बिनटाक्याची पद्धत. २००३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय चांगली नजर होती टाक्यांच्या गटात ३७.३ टक्क्यांना, बिनटाक्याच्या गटात ४७.९ टक्क्यांना. खर्च दोन्हींचा जवळजवळ सारखा, सातशे वीस-तीस रुपये. दोन वर्षांनी महागड्या फेको यंत्राशी तुलना केली, तेव्हा चष्म्याशिवाय यंत्र सरस ठरलं, चष्मा लावून दोन्ही सारखे. मला या आकड्यांत सर्वांत मोठा वाटतो तो निराळाच आकडा. ७४१ पैकी ७०६ माणसं सहाव्या आठवड्यात परत तपासली गेली. झाडाखालच्या त्या फिरत्या माणसाला जे कधीच दिसलं नाही, ते इथं शंभरात पंचाण्णव वेळा पाहिलं गेलं.

बीडमध्ये हेच सगळ्यांत अवघड आहे. डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करावं, ही समजूत शिबिरांच्या काळापासून घट्ट आहे. उन्हात घाम येतो, पावसाळ्यात जखम चिघळते, पेरणीत सवड नसते. पण थंडी हाच कोयत्याचा हंगाम. दसरा झाला की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या निघतात त्या पाडव्याच्या आगेमागेच परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघंही जातात. मागे म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. म्हणजे ज्या चार महिन्यांत म्हातारी ऑपरेशनला तयार होते, नेमके तेच चार महिने तिला अंबाजोगाईला किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात नेणारं घरात कुणी नसतं. शिबिराची गाडी तिला नेते, आणूनही सोडते. मग थेंब कोण घालणार, तर दहा वर्षांची नात. चुलीचा धूर चुकवायचा, तर स्वयंपाक कोण करणार? आणि सहाव्या आठवड्याची तारीख येते ती जानेवारीत, जेव्हा मुलगा कोल्हापूर नाहीतर कर्नाटकच्या फडात असतो.

धारूरच्या घाटापलीकडच्या एका वाडीत हिरवी पट्टी बांधून बसलेल्या एका आजींनी मला डिस्चार्जचा कागद दाखवला. पुढच्या तपासणीची तारीख निळ्या शाईनं गोल केली होती. ‘ह्या तारखेला कोण नेणार?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आशाताई येती म्हनली. न्हाई आली तर पाडव्याला पोरगं आल्यावर जाईन की. डोळा काय पळून चाललाय?’