डेटाबेसमधला ‘आज’ नेमका कोणता?

एसक्यूएल ही डेटाबेसशी संवाद साधण्याची भाषा. या भाषेत अवतरणचिन्हांत लिहिलेले मूल्य आरंभी केवळ अक्षरांची मालिका असते. तिला तारीख, वेळ वा संख्या यांचे रूप देण्याच्या क्रियेस ‘टाइप कास्ट’ म्हणजे प्रकारबदल म्हणतात. हा बदल कोणत्या क्षणी होतो, यावर अनेकदा नोंदींचा खरेपणा अवलंबून असतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील १९८६ सालच्या प्रकल्पातून विकसित झालेल्या ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या मुक्त डेटाबेसमध्ये आज्ञेत थेट लिहिलेल्या मूल्याचा प्रकारबदल आज्ञा वाचली जातानाच, एकदाच होतो. रकान्यात साठवलेल्या मजकुराचा बदल मात्र प्रत्यक्ष अंमलबजावणीत, प्रत्येक नोंदीगणिक होतो. त्यामुळे आज्ञेत ‘३० फेब्रुवारी’ ही तारीख लिहिल्यास टेबल रिकामे असले तरी आज्ञा तत्काळ नाकारली जाते. तीच चूक मजकुराच्या रकान्यात दडलेली असेल, तर ती नोंद हाताळेपर्यंत उघड होत नाही.

हीच तत्परता ‘नाऊ’ आणि ‘टुडे’ या खास शब्दांबाबत घातक ठरते. समजा, १ एप्रिल रोजी पावत्यांचे टेबल तयार करताना तारखेच्या रकान्याचे डिफॉल्ट मूल्य म्हणून अवतरणचिन्हांत ‘टुडे’ लिहिले. त्याचे रूपांतर तेव्हाच होऊन १ एप्रिल ही तारीख कायम होते. पुढे डिसेंबरात नोंदवलेल्या पावतीवरही, तारीख वेगळी न दिल्यास, १ एप्रिलच उमटते आणि चुकीचा कोणताही संदेश येत नाही. ‘व्ह्यू’ म्हणून जतन केलेल्या प्रश्नातही हा शब्द असाच गोठतो.

पूर्वी डिफॉल्ट मूल्यातील अशा शब्दांसाठी खास सोय होती. परंतु ती सर्व प्रसंगी उपयोगी पडत नसे. २००३ साली आलेल्या ७.४ आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली.

यावर उपाय सोपा आहे. शब्दाऐवजी ‘नाऊ()’ हे फंक्शन किंवा ‘करंट_डेट’ वापरावे. त्यांचे मूल्य अंमलबजावणीच्या वेळी ठरते. अर्थात, ‘नाऊ()’ चालू व्यवहाराच्या आरंभाची वेळ देते. घड्याळातील प्रत्यक्ष क्षण हवा असल्यास ‘क्लॉक_टाइमस्टॅम्प()’ वापरावे.

जुन्या टेबलाची तपासणीही कठीण नाही. डिफॉल्ट मूल्याच्या जागी फंक्शनऐवजी एखादी ठरावीक तारीख दिसली, तर दोष तेथेच आहे. तो दूर केला तरी आधीच्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत. त्यांच्या खऱ्या तारखा अन्य कागदपत्रांतूनच शोधाव्या लागतात.