सैतानमाशाची खाडी

आपल्या भाषेनें समुद्रांतील सर्वांत मोठ्या प्राण्यास 'देवमासा' असें नांव दिलें आहे. तो मासा नव्हे, पिलांस दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, हें आतां शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. तथापि त्या नांवांतील 'देव' कोणीं काढून टाकलेला नाहीं. याच प्राण्याच्या एका जातीस, म्हणजे करड्या देवमाशास, एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन शिकारी मात्र 'सैतानमासा' म्हणत. हें नांव त्यास कोठें व कां मिळालें आणि पुढें तें कसें गळून पडलें, याचा इतिहास लहानसा असला तरी विचार करण्याजोगा आहे.

मेक्सिको देशाच्या वायव्येस बाहा कॅलिफोर्निया नांवाचें एक लांबट व रुक्ष द्वीपकल्प आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर ओहो दे लिएब्रे आणि सान इग्नासिओ या दोन उथळ खाड्या आहेत. करडे देवमासे उन्हाळ्यांत उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रांत तळाच्या चिखलांतील बारीक जीव गाळून खातात आणि हिवाळ्यांत पांच-सहा हजार मैल पोहून या खाड्यांत येतात. माद्या येथें वितात. पिलूं जन्मतःच सुमारें १५ फूट लांब असतें. आईची लांबी ४०-४५ फूट भरते. या मुक्कामांत आई जवळजवळ उपाशीच असते. उत्तरेंत सांठविलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पिलास वाढविते. हीच चरबी तिच्या नाशास कारण झाली.

त्या काळीं दिव्यांसाठीं व यंत्रांच्या वंगणासाठीं देवमाशाच्या तेलास मोठी मागणी होती. १८५७ सालच्या हिवाळ्यांत चार्ल्स मेलव्हिल स्कॅमन नांवाचा कप्तान 'बोस्टन' हें जहाज घेऊन ओहो दे लिएब्रेच्या खाडींत शिरला. आरंभीं त्याच्या दोन होड्या देवमाशांनीं फोडल्या, माणसें जायबंदी झालीं आणि खलाशांचा धीर खचला. तेव्हां स्कॅमननें युक्ति योजिली. देवमाशास येतां येणार नाहीं अशा उथळ पाण्यांत होड्या नांगरून, खोल प्रवाहांतून जाणाऱ्या प्राण्यांवर बंदुकीनें स्फोटक भाले सोडण्यांत आले. जहाज तेलानें भरून परत गेलें. ही वार्ता फार दिवस गुप्त राहणें शक्य नव्हतें. पुढील हंगामांत इतर जहाजांचीहि तेथें रीघ लागली.

येथेंच त्या नांवाचा उलगडा होतो. ज्या प्राण्यास सैतान म्हटलें, तो बहुधा बाळंतीण मादी असे. पिलूं जखमी झालें कीं ती होडीवर धांवून जाई व शेपटीच्या तडाख्यानें ती फोडी. पाळण्याजवळ शस्त्र घेऊन शिरणारानें आईच्या रागास सैतानीपणा म्हणावें, यापरता विपर्यास कोणता?

तथापि स्कॅमन हा केवळ कसाई नव्हता. त्यानें या प्राण्यांचीं मापें घेतलीं, चित्रें काढलीं, त्यांच्या संवयी टिपून ठेविल्या आणि १८७४ सालीं उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सागरी सस्तन प्राण्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. देवमाशांनीं गजबजलेल्या खाड्या ओस पडत चालल्याची व ही जात नष्ट होण्याची शंका त्यानें त्यांतच नमूद केली आहे. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं ही जात संपलीच, असा समज झाला. १९१२ सालीं रॉय चॅपमन अँड्र्यूज या प्राणिशास्त्रज्ञास ती कोरियाच्या किनाऱ्यावर पुन्हां आढळली. १९३७ च्या आंतरराष्ट्रीय करारानें तिला संरक्षण मिळालें आणि १९४६ च्या करारानें तें कायम झालें.

मारण्याचें थांबल्यावर पाहण्यास आरंभ झाला. सॅन दिएगो येथील काब्रिल्यो स्मारकाच्या टेकडीवरून १९५० सालीं लोक जाणाऱ्या-येणाऱ्या देवमाशांचे फवारे पाहूं लागले. १९५५ सालीं तेथल्याच एका मच्छीमारानें माणशीं एक डॉलर घेऊन लोकांस होडींतून नेण्यास प्रारंभ केला. परंतु सान इग्नासिओचे कोळी अद्यापि देवमाशास भीत. तो दूर राहावा म्हणून होडीवर ठोकून आवाज करीत. १९७२ सालीं फ्रान्सिस्को मायोराल नांवाच्या कोळ्याच्या होडीजवळ एक देवमासा वर आला आणि जाईना. होडीखालून तो या बाजूचा त्या बाजूस होई. शेवटीं मायोरालनें हात पुढें करून त्यास स्पर्श केला. ती होडी फुटली नाहीं.

आज त्या खाडींत जाणारा प्रवासी तशाच लहान होडींत बसतो. मुखाजवळ डॉल्फिन उड्या मारीत साथ देतात. एका वेळीं किती होड्या असाव्यात आणि त्यांनीं किती वेळ थांबावें, हें ठरलेलें आहे. माद्या पिलांसह राहतात तो आंतला भाग होड्यांस बंद आहे, आणि पाठलाग करावयाचा नाहीं. यंत्र मंद करून वाट पाहावी लागते. मग एखादी आई वर येते, आणि कित्येकदां पिलास स्वतःच होडीकडे ढकलते. १९८८ सालीं या प्रदेशास राखीव जीवावरणाचा दर्जा मिळाला, १९९३ सालीं जागतिक वारशांत त्याची गणना झाली, आणि २००० सालीं तेथें होऊं घातलेला मिठाचा प्रचंड कारखाना मेक्सिकोच्या अध्यक्षांनीं रद्द केला.

देवमाशांनीं माणसास क्षमा केली, असें कांहीं प्रवासी भाविकपणें सांगतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. स्कॅमनचा भाला पाहिलेला एकहि देवमासा आज जिवंत नाहीं. जे जवळ येतात, त्यांस क्षमा करण्याजोगें कांहीं ठाऊकच नाहीं. बदल झाला तो होडींतील माणसांत.

तोहि पुरता झाला काय? २०१६ सालीं या पूर्वेकडील कळपाची संख्या सुमारें २७,००० होती. २०२३ सालीं ती सुमारें १४,५०० वर आली. उत्तरेकडील समुद्र तापून बर्फ घटल्यामुळें तळाचें अन्न कमी पडतें, असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. १८५९ सालीं अमेरिकेंत खनिज तेलाची विहीर लागली आणि दिव्यांसाठीं देवमासा मारण्याची गरज हळूहळू संपली. तेंच तेल जाळून आपण आतां त्याच्या अन्नास ओढ लावीत आहों. खाडींत होडी शांत उभी असते, कोणाच्या हातीं भाला नसतो. आणि समोर येणारी आई अलीकडे पुष्कळदां हाडकुळी असते, व तिच्या पाठीशीं पिलूं नसतें.