ओस्लोचा आज्ञावलीकार आणि लोखंड-कामगार

या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, हा येथला जुना व योग्य रिवाज. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर नगरवाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा संगणकाच्या इतिहासावर आम्ही बोलणार हे कळल्यावर काही मित्र हसले. त्यांचे हसणे गैर नव्हते. परंतु जी वस्तू आपल्या पोटाचा हिशेब मांडते, तिचा इतिहास जाणून घेणे हा पोट असणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे. एवढ्याच अधिकारावर आम्ही आज उभे आहोत.

प्रथम एक घरचा प्रसंग सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी, आमची संघटना असलेल्या एका कारखान्यात हजेरीचे पुस्तक गेले आणि अंगठा टेकण्याचे यंत्र आले. धुलाई खात्यात एक बाई होत्या. सोड्याच्या पाण्यात वर्षानुवर्षे हात घालून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या होत्या. यंत्र त्यांना ओळखीना. दोन महिन्यांत त्यांचा अकरा दिवसांचा पगार कापला गेला. त्या अकराही दिवशी त्या कामावर होत्या असे शेजारी उभ्या राहणाऱ्या चौघींनी सांगितले. मुकादमानेही नाही म्हटले नाही. साहेबांचे उत्तर मात्र एकच : "कॉम्प्युटरमध्ये गैरहजेरी आहे." आम्ही भांडलो. सहा दिवसांचा पगार परत मिळाला, पाच दिवसांचा बुडाला. तेव्हा त्या बाई आम्हांला म्हणाल्या, "भाऊ, ते यंत्र मोजतं कसं, एवढं तरी तुम्ही विचारायचं होतं." आम्ही ते विचारले नव्हते, कारण तो आपला प्रांत नव्हे असे आम्ही धरून चाललो होतो. आणि यंत्र बसविण्याच्या करारावर सही तर आमचीच होती.

त्या बाईंचा प्रश्न घेऊन आम्ही वाचू लागलो आणि वाचता वाचता नॉर्वेला जाऊन पोहोचलो. तेथे आम्हांला क्रिस्टन नीगार्ड हा गृहस्थ भेटला. ही त्याचीच कथा आहे.

नीगार्डचा जन्म १९२६ साली ओस्लो येथे झाला. १९४८ साली तो नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत गणिताच्या कामावर लागला. अणुभट्टीविषयीची किचकट आकडेमोड तेथे त्या दिवसांत माणसे हातांनी करीत. पुढे त्याचे काम बदलले. माणसे, यंत्रे, रांगा आणि सामानाची ने-आण यांचा एकत्रित अभ्यास कसा करावा, या शास्त्राकडे तो वळला. १९६० साली तो नॉर्वेच्या संगणन केंद्रात आला आणि तेथे ओले-योहान डाल या सहकाऱ्याबरोबर त्याने 'सिम्युला' नावाची आज्ञावलीची भाषा घडविली. हे दोघे वाद घालीत तो इतक्या तारस्वरात, की १९६७ साली केंद्रात नव्याने आलेल्या एका माणसाला वरच्या मजल्यावर मारामारी जुंपली आहे असेच वाटले. टेलिफोनवरच्या बाईंनी क्षणभर कान देऊन त्याला धीर दिला, की घाबरण्याचे कारण नाही, ते दोघे सिम्युलाची चर्चा करीत आहेत.

या भाषेत नवे ते काय होते? आपल्या एस. टी. स्टँडचे उदाहरण घ्या. सकाळी सहा ते दहा या वेळात किती गाड्या सोडाव्यात हे ठरवायचे आहे. जुन्या रीतीने नुसते आकड्यांचे कोष्टक मांडावे लागे. सिम्युलाने सांगितले, की संगणकात एक लहानसा स्टँडच उभा करा. त्यात प्रत्येक गाडी ही एक स्वतंत्र वस्तू. तिच्यापाशी तिची माहिती असेल आणि निघणे, थांबणे, बिघडणे या तिच्या कृतीही असतील. एकदा 'गाडी' या वर्गाचे वर्णन लिहिले, की साच्यातून मूर्ती काढाव्यात तशा हव्या तितक्या गाड्या काढाव्यात. प्रवाशांचेही तसेच. सिम्युलाची पहिली आवृत्ती १९६५च्या सुमारास कामाला लागली. १९६७च्या आवृत्तीत 'वस्तू' आणि 'वर्ग' या कल्पना पक्क्या झाल्या. व्यार्न स्ट्राउस्ट्रुप या डॅनिश संगणकतज्ज्ञाने १९७९ साली अमेरिकेत ज्या कामास आरंभ केला आणि ज्यातून 'सी प्लस प्लस' ही भाषा झाली, त्या कामाचे मूळ सिम्युलाच होय. आज आपल्या खिशातल्या फोनमधल्या कितीतरी आज्ञावल्या याच रीतीने लिहिलेल्या असतात. या कामगिरीबद्दल २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक, म्हणजे या शास्त्रातला सर्वोच्च मान, दोघांना मिळाला. २००२च्या उन्हाळ्यात, सहा आठवड्यांच्या अंतराने, दोघेही वारले.

येथवर ही एका हुशार माणसाची कथा आहे, आणि अशा कथा पुष्कळ असतात. नीगार्डचे वेगळेपण पुढे आहे.

ज्या साधनाने एस. टी. स्टँडचा नमुना उभा करता येतो, त्याच साधनाने कारखान्याचाही करता येतो. त्या नमुन्यात कामगार ही एक वस्तू होते : अमुक मिनिटांत अमुक नग. आपली भाषा वापरून लोक दुसऱ्यांच्या कामाची आखणी करीत आहेत, त्यातून काम अधिक कंटाळवाणे होणार, कसबाची किंमत उतरणार आणि खालच्या माणसावरचा ताण वाढणार, हे नीगार्डला दिसू लागले. ज्याचा नमुना मांडला जात होता, त्याला मात्र कोणी काही विचारीत नव्हते. श्रोतेहो, सुतार लाकूड तासतो तेव्हा लाकडाला विचारीत नाही हे खरे. पण येथे तासला जात होता तो माणूस होता.

पुष्कळ शास्त्रज्ञ अशा वेळी खेद व्यक्त करतात आणि पुन्हा कामाला लागतात. नीगार्ड १९७०च्या सुमारास नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघाकडे गेला. संघालाही असा माणूस हवाच होता. सरकारच्या संशोधन मंडळाचे पैसे मिळाले, ओलाव तेरिए बेर्गो हा सहकारी आला आणि १९७१ ते १९७३ या काळात त्यांनी कामगारांच्या बाजूने संगणकाचा अभ्यास केला.

या अभ्यासातली एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. प्रथम बेत असा होता, की तज्ज्ञांनी पाहणी करावी, अहवाल लिहावा आणि तो संघाच्या हाती द्यावा. काम सुरू झाल्यावर ध्यानात आले, की असा अहवाल कपाटात जाईल आणि कारखान्यात काहीही बदलणार नाही. मग त्यांनी 'निष्पत्ती' या शब्दाची व्याख्याच बदलली. स्थानिक शाखा स्वतः जे शिकतील, जे मागतील आणि जे करून दाखवतील, तीच या संशोधनाची निष्पत्ती. छापील पाने नव्हेत. निवडलेल्या कारखान्यांत कामगारांचे अभ्यासवर्ग बसले. आपल्याकडे येणारी योजना काय आहे, तिने आपले काम कसे बदलेल, हे लेथवर उभे राहणारी माणसे कागदावर मांडू लागली. त्यांच्यासाठी नीगार्ड व बेर्गो यांनी पाठ्यपुस्तकही लिहिले. आज्ञावली लिहिणे म्हणजे समजून घेणे, असे नीगार्ड सांगत असे. त्याच्या या वचनाचा अर्थ आम्ही असा लावतो, की जे समजून घेता येते ते समजावूनही देता येते. "तुम्हांला ते कळायचे नाही" हे वाक्य अडाणी माणसाविषयी काही सांगत नाही; ते सांगणाराच आळशी किंवा लबाड असतो.

१९७४पासून कारखान्यांत 'माहिती-करार' होऊ लागले आणि १९७५ साली कामगारांचा मध्यवर्ती महासंघ व मालकांचा महासंघ यांच्यात देशव्यापी करार झाला. त्यातली कलमे आपल्या वहीत लिहून ठेवण्यासारखी आहेत. नव्या यंत्रणेची माहिती वेळेवर आणि विशेष शिक्षण नसलेल्यांनाही समजेल अशा भाषेत दिली पाहिजे. यंत्रणेची कागदपत्रे कामगार-प्रतिनिधीस पाहता आली पाहिजेत. यंत्रणेचा विचार नफातोटा आणि तंत्र यांबरोबर माणसांवरील परिणामांच्या दृष्टीनेही झाला पाहिजे. कामगारांनी याच कामासाठी आपला एक प्रतिनिधी निवडावा आणि त्याला शिक्षण मिळावे. कोणाची कोणती खाजगी माहिती गोळा होते यावर नियमन असावे. १९७७ साली नॉर्वेच्या कामाच्या परिस्थितीविषयीच्या कायद्यातही या विचाराला जागा मिळाली.

आता आपल्याकडे वळू. आपल्या कामगार चळवळीने संगणकाला नुसतेच दगड मारले, असे म्हणण्याची रीत आहे. ते अर्धसत्य आहे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्यातील इमारतीत संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारे दिले हे खरे. परंतु नोकरी गेली तर दुसरी मिळण्याची आशा नसलेल्या देशात ती भीती वेडगळ नव्हती. सरकारनेही प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली होती. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँकांशी करार केला आणि यंत्रे मर्यादित प्रमाणात येऊ दिली. त्या करारांनी हजारो घरांतल्या चुली पेटत्या ठेवल्या. त्यांची थट्टा आम्ही कदापि करणार नाही.

तरीही एक भेद दिसतो तो सांगितला पाहिजे. आम्ही विचारले : यंत्रे किती येणार? त्यांनी विचारले : यंत्राच्या पोटात काय आहे आणि ते कोणी ठरविले? पहिल्या प्रश्नाने वेळ मिळतो, आणि वेळ ही लहान गोष्ट नव्हे. पण वेळ संपल्यावर हातात उरतो तो दुसराच प्रश्न. आमच्या छापखान्यांतले खिळे जुळविणारे कंपॉझिटर नव्वदीच्या दशकात एकेक करून घरी गेले. अक्षराचे त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले, कारण नव्या यंत्रणेत ते कोठे ठेवावे हे त्यांना कोणी विचारलेच नाही. स्वीडन व डेन्मार्कमध्ये १९८१पासून छपाई कामगार आणि संशोधक एकत्र बसले होते. न आलेल्या यंत्रांची पुठ्ठ्याच्या खोक्यांची सोंगे मांडून, उद्याचे काम कसे असावे याची ते रंगीत तालीम करीत होते.

याचा अर्थ नॉर्वेत स्वर्ग उतरला असा नव्हे. करार झाला म्हणून तो पाळला जातोच असे नाही. प्रतिनिधीला वेळ नसेल, शिक्षण नसेल, तर कलम कागदावरच राहते. शिवाय तेथे संघटना बलवान, देश लहान, सरकार अनुकूल. आमच्याकडे कंत्राटी कामगाराला करारच नाही, आणि दारोदार डबे पोहोचविणाऱ्या पोराला मालक कोण हेही दिसत नाही. त्याच्या फोनमधली आज्ञावलीच त्याचा मुकादम. तरी आम्ही म्हणतो, की म्हणूनच तो प्रश्न येथे अधिक जोराने विचारला पाहिजे. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून जी म्हातारी परत फिरते, तिचाही तो प्रश्न आहे. यंत्र चुकते तेव्हा पुरावा कोणी द्यावयाचा, माणसाने की यंत्राने? आमच्या मते ज्याने यंत्र बसविले त्याने.

पुढच्या करारात आम्ही तीन ओळी घालून घेतल्या. यंत्राच्या नोंदीबरोबर हातची वही चालू राहील. यंत्रावरून कपात केल्यास कारण मराठीत लेखी मिळेल. यंत्रणा बदलण्यापूर्वी ती कामगारांना समजावून सांगितली जाईल. नॉर्वेच्या मानाने हे फार थोडे आहे. या तीन ओळींसाठी आम्हांला चौदा महिने लागले. तोवर त्या बाई निवृत्त झाल्या होत्या. कराराची प्रत घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ती नातवाकडून वाचून घेतली, चहा दिला आणि विचारले, "आणि माझे पाच दिवस?"

ते अजून येणे आहेत.