एका मोसमाचे दोन विजेते

1973 साली येरेव्हानच्या ‘अरारात’ संघाने सोव्हिएत फुटबॉलची साखळी आणि चषक दोन्ही एकाच वर्षी जिंकली. मॉस्कोतील अंतिम सामन्यात त्याने डायनॅमो कीवला 2-1 असे हरविले. त्यानंतर 1975 च्या मार्चमध्ये हाच संघ युरोपीय चषकात बायर्न म्यूनिकला येरेव्हानमध्ये 1-0 असा भारी पडला. म्यूनिकमधील पराभवामुळे पुढची फेरी मात्र हुकली. तीस लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या त्या डोंगराळ देशात ह्या विजयांची स्मृती म्हाताऱ्यांच्या ओठांवर अजून असते. परंतु मला येथे सांगावयाचे आहे ते ह्या वैभवाविषयी नव्हे, तर ते ओसरल्यानंतरच्या 1992 च्या एका गरीब मोसमाविषयी.

सप्टेंबर 1991 मधील सार्वमताने आर्मेनियाने स्वातंत्र्याचा कौल दिला आणि वर्ष संपता संपता सोव्हिएत संघराज्यच विसर्जित झाले. त्याबरोबर सोव्हिएत साखळीही मोडली. अराराताला आता मॉस्को किंवा कीव येथील संघांशी झुंजावयाचे नव्हते. त्याच्यापुढे उभे राहणार होते अबोव्यानसारख्या शेजारच्या गावांतील खेळाडू. 18 जानेवारी 1992 रोजी स्वतंत्र फुटबॉल महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय साखळी खेळविली गेली. घराचे वासे उभे राहण्याआधीच दिवाळी साजरी करावी, तसा काहीसा हा प्रकार होता. कारण देशापाशी त्या वेळी वीज नव्हती. मेत्सामोरचे अणुविद्युत्केंद्र भूकंपानंतर 1989 मध्ये बंद करण्यात आले होते. काराबाखच्या युद्धामुळे अझरबैजानकडील रेल्वेमार्ग रोखलेला होता. आणि 1993 च्या वसंतात तुर्कस्ताननेही आपली सीमा मिटली. ‘अंधाराची व थंडीची वर्षे’ असे ज्यांना आर्मेनियन लोक आजही म्हणतात, ती हीच.

ह्या साखळीतील संघांची नावे वाचताना मी थबकलो. वान हे सरोवर आणि त्याच्या काठचे शहर आज तुर्कस्तानात आहे. येरेव्हानच्या एका संघाचे नाव ‘वान’. मालातिया हेही असेच आनातोलियातील शहर, ज्याच्या नावाने तेथून आलेल्यांनी येरेव्हानात वस्ती वसविली. तिचा संघ ‘मालातिया’. ‘बानान्त्स’ हे तर अझरबैजानातील एका गावाचे नाव, आणि ह्याच संघाने पहिला आर्मेनियन चषक जिंकला. अरारात पर्वत येरेव्हानच्या खिडक्यांतून दिसतो, पण त्यापर्यंत जावयाचे तर सीमा ओलांडावी लागते. गमावलेला भूगोल ज्यांनी मैदानावर जपला, असे दुसरे राष्ट्र मला ठाऊक नाही.

मोसमाअखेर विजेतेपद दोघांत वाटले गेले: ग्यूम्रीच्या ‘शिराक’ला आणि येरेव्हानच्या ‘होमेनेत्मेन’ला. पुढे असा प्रसंग आला नाही. विभागलेले जेतेपद म्हणजे निर्णयाचा अभाव, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ग्यूम्री हे त्या वेळचे लेनिनाकान. 7 डिसेंबर 1988 च्या भूकंपाने ते शहर आणि शेजारचे स्पिताक भुईसपाट केले. एकूण पंचवीस हजारांच्या आसपास माणसे दगावली. चार वर्षांनंतरही कित्येक कुटुंबे ‘दोमिक’ म्हणजे तात्पुरत्या डब्याघरांत हिवाळा कंठीत होती. त्या शहराने फुटबॉलचा संघ उभा ठेवावा आणि तो देशात पहिला यावा, ह्यात अपूर्णतेचा अंशही मला दिसत नाही. होमेनेत्मेनची कथा निराळी. ते नाव मूळचे 1918 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये स्थापन झालेल्या व्यायामसंघाचे. पुढे बैरुत, पॅरिस, बोस्टन अशा दूरदूरच्या आर्मेनियन वस्त्यांत ते पसरले आणि सात दशकांनी मायभूमीत परतले. एक विजेता ढिगाऱ्यातून उठलेला आणि दुसरा परदेशातून परतलेला, असा हा योग.

परदेशातून परतणे ह्यावरून आठवले. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझदारार’ 1794 साली येरेव्हानमध्ये नव्हे, तर मद्रासमध्ये छापले गेले. आपल्या प्रांताबाहेर भाषा जगविण्याचा उद्योग करणाऱ्या आमच्यासारख्यांना ह्या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

त्या ऑक्टोबरात राष्ट्रीय संघ येरेव्हानमध्ये मोल्दोव्हाशी आपला पहिला सामना खेळला. एकही गोल झाला नाही. पुढच्या वर्षी विजेतेपद अराराताकडे गेले, त्यानंतरच्या वर्षी पुन्हा शिराककडे. होमेनेत्मेनने 1995 मध्ये नाव बदलून ‘प्यूनिक’ घेतले. आर्मेनियन भाषेत त्याचा अर्थ राखेतून पुन्हा उठणारा फिनिक्स पक्षी. त्याच वर्षाच्या अखेरीस मेत्सामोरची एक अणुभट्टी पुन्हा सुरू झाली.